हैदराबाद वगळणाऱ्यांनो

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पुण्या-ठाण्याकडच्या नातेवाइकांचे फोन आमच्याकडे, हैदराबादेतल्या नारायणगुड्याला, यायला लागतात. विचारायचं म्हणून विचारतात, बेत आधीच ठरलेला असतो. शमशाबादला विमानातून उतरायचं, तिथूनच गाडी करायची, वरंगळ, रामप्पा, नागार्जुनसागर, श्रीशैल उरकायचं आणि त्याच वाटेने विमानतळावर परत. हैदराबाद? ते नाही करत आम्ही. मोठी शहरं सगळी सारखीच, गर्दी, धूर, मॉल. आमच्याकडे काय कमी आहे का?

हा सल्ला हल्ली शहाणपणाचा समजला जातो. बँकॉकला थांबू नका, थेट किनाऱ्यावर जा. कोलंबोत रात्र काढू नका, कँडी गाठा. काठमांडूत विमान बदला आणि पोखऱ्याला सटका. राजधानी टाळणारा तो खरा प्रवासी, आणि राजधानीत फोटो काढणारा तो पर्यटक, अशी एक नवी वर्णव्यवस्थाच तयार झाली आहे. त्याच मापाने हैदराबाद मोजलं जातं आणि बाद ठरतं. 158 किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता झाल्यापासून तर हे फार सोपं झालं. विमानतळावरून निघालेली गाडी शहराला वळसा घालून वरंगळच्या वाटेला लागते, आणि आतल्या माणसाला चारमिनारचं टोकसुद्धा दिसत नाही.

मला हा बेत साफ चुकीचा वाटतो. बाकी कोणाचं मला माहीत नाही, पण मराठी माणसाच्या बाबतीत तर तो अडाणीपणाचा आहे. शब्द कडक झाला, पण तो मागे घेण्यासारखं काही मला सापडलेलं नाही.

आधी एक मान्य करतो. काही राजधान्या खुशाल वगळाव्यात. कॅनबेरा हे सिडनी आणि मेलबर्नच्या भांडणातून वसलेलं शहर आहे. ब्राझीलिया नकाशावर आखून 1960 साली राजधानी केलेली. अशा ठिकाणी सरकार राहतं, आणि दुसऱ्याचं सरकार बघायला पदरचे पैसे कोणी घालवू नयेत. पण म्हणून राजधानी ही वस्तूच वगळण्याची ठरत नाही. ज्या मुलखात फिरायला निघालात, त्या मुलखातली साधी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या शहरात कशासाठी येत होती, एवढं विचारावं. येतच नव्हती, तर चुकवा ते शहर. पण येत होती, आणि त्यांत तुमचे स्वतःचे आजे-पणजे असतील, तर मग तुम्ही नेमकं काय वगळता आहात याचा जरा विचार करा.

कारण हैदराबाद ही एका देशाची राजधानी होती, हे अलंकारिक बोलणं नाही. निजामाचं राज्य ब्याऐंशी हजार चौरस मैलांचं होतं. त्याचं नाणं वेगळं, टपालाची तिकिटं वेगळी, रेल्वे वेगळी, फौज वेगळी. 15 ऑगस्ट 1947 ला बाकीचा भारत स्वतंत्र झाला तेव्हा हे राज्य बाहेर राहिलं आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत बाहेरच होतं. त्याच्या सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, तीन कन्नड आणि पाच मराठी: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. तेव्हाची नावं तेव्हाचीच ठेवतो. म्हणजे आज जो माणूस बीडहून किंवा नांदेडहून निघून "राजधानी नको" म्हणतो, त्याच्या आजोबांची राजधानी मुंबई नव्हती. ती ही होती. आणि मजा अशी की त्याआधी राजधानी औरंगाबादेत होती. दुसऱ्या निजामाने ती 1763 च्या सुमारास इकडे हलवली. त्या हलवण्याचं फळ मराठवाड्याने पुढची दोनशे वर्षं भोगलं.

आता पुरावा देतो, आणि तो दगड-चुन्याचा आहे.

व्हिन्सेंट एश नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाला सातव्या निजामाने बोलावलं आणि त्याच्याकडून या शहरात चार मोठ्या इमारती करून घेतल्या. एक काचीगुडा रेल्वे स्टेशन, 1916 चं. दुसरी उच्च न्यायालय, तिसरी सिटी कॉलेज, चौथी उस्मानिया इस्पितळ. शेवटच्या तिन्ही मुसी नदीच्या काठावर, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. 1908 च्या सप्टेंबरात मुसीला आलेल्या पुराने काठावरच्या वस्त्या धुऊन नेल्या, त्यानंतर नदीकाठ नव्याने आखला गेला आणि त्या आखणीत या इमारती आल्या. परदेशी पाहुणे घुमट आणि कमानी बघून इंडो-सारासेनिक असं काहीतरी पुटपुटतात आणि पुढे जातात. मराठी माणसाने मात्र त्या चार इमारती ओळीने बघाव्यात आणि मनात एक यादी करावी. मनमाडची गाडी गोदावरी खोऱ्यातून, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत येई आणि काचीगुड्याला माणूस उतरे. का येई तो? जमिनीचा दावा अपिलात गेला म्हणून येई, तो उच्च न्यायालयाकडे वळे. मुलाला मॅट्रिकपुढे शिकवायचं म्हणून येई, तो सिटी कॉलेजकडे. आणि गावच्या वैद्याने हात टेकले म्हणून येई, तो उस्मानिया इस्पितळाकडे. एका माणसाने बांधलेल्या चार इमारतींत मराठवाड्याच्या तीन पिढ्यांच्या अडचणी मावलेल्या आहेत. नरहर कुरुंदकर शिकायला इथेच आले, सिटी कॉलेजात. त्यांचे मामा ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवत. कुरुंदकर ज्याला वाचायचे आहेत त्याने ती इमारत बाहेरून तरी बघावी.

काचीगुडा स्टेशन आमच्या नारायणगुड्याहून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मनमाडकडच्या गाड्या अजून तिथे येतात. पाहुणे मात्र विमानाने येतात आणि मला सांगतात की हैदराबादेत बघण्यासारखं काही नाही.

पश्चिम महाराष्ट्रातले यावर म्हणतात, मराठवाड्याचं ठीक आहे, आमचा काय संबंध? आम्ही श्रीशैलला ज्योतिर्लिंगाला निघालोय. उत्तम. श्रीशैलला शिवाजी महाराजांचं स्फूर्ती केंद्र आहे, तिथेही तुम्ही जाणार, फोटो काढणार. महाराज श्रीशैलला कुठून गेले ते वाचलंत का? 1677 च्या सुरुवातीला ते रायगडाहून निघून आधी भागानगरला आले. भागानगर म्हणजे हेच. इथे कुतुबशहाच्या, अबुल हसन तानाशहाच्या पाहुणचारात ते सुमारे महिनाभर राहिले. मादण्णा आणि आक्कण्णा हे दोघे भाऊ तेव्हा गोवळकोंड्याचा कारभार पाहत. प्रल्हाद निराजी आधीपासून वकील म्हणून इथे बसलेले होते. तह झाला, पैसा आणि तोफखान्याची मदत ठरली, आणि मग फौज कृष्णेकडे वळली, श्रीशैल झालं, पुढे जिंजी, वेल्लोर. दक्षिण दिग्विजयाचा पाया या शहरात घातला गेला. दहा वर्षांनी, 1687 मध्ये, औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि तो दरबार संपला.

म्हणजे महाराजांनी श्रीशैलला जाताना राजधानी वगळली नाही. तुम्ही ती वगळता आणि त्यांच्या पुतळ्याला मात्र हार घालता. यात भक्ती किती आणि घाई किती, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आता रामप्पाकडे येऊ, कारण सध्या सगळ्यात जोरात तोच मुद्दा येतो. पालमपेटचं हे देऊळ 1213 चं, 2021 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून मराठी सहलींची रांग लागली. लागू दे. देऊळ अप्रतिमच आहे, आणि ते बघू नका असं मी झोपेतही म्हणणार नाही. पण रामप्पा आणि तुमचं अजिंठा यांचा एक धागा नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमध्ये आहे, तो तुम्ही बाह्यवळणावरून तोडून टाकता. निजाम सरकारने 1914 मध्ये पुरातत्त्व खातं काढलं आणि ते गुलाम यझदानी यांच्या हाती दिलं. वेरूळ-अजिंठ्यापासून वरंगळ-पालमपेटपर्यंत सगळं एका खात्याखाली आलं. अजिंठ्याची चित्रं सुटून पडायला लागली तेव्हा 1920 मध्ये इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन जाणकार आणले ते हैदराबादच्या पैशाने. यझदानींनी अजिंठ्यावर काढलेले मोठे ग्रंथ 1930 पासून पुढे येत राहिले. पब्लिक गार्डनमधल्या राज्य संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींचं वेगळं दालन आहे. प्रत्यक्ष लेण्यात दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, मागच्या माणसाचा धक्का खात जे दिसत नाही, ते इथे निवांत दिसतं. फर्दापूरहून दहा वेळा लेणी चढून गेलेल्या माणसालाही हे दालन माहीत नसतं. (मुलं बरोबर असतील तर तिथे इजिप्तची ममीही आहे. ती मुलांना अजिंठ्यापेक्षा आवडते, याला इलाज नाही.)

सालारजंग संग्रहालयाबद्दल मी काही लिहीत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तिथल्या घड्याळापुढे बारा वाजता जी दाटी होते तिच्याबद्दलची तुमची तक्रार खरी आहे.

पण या सगळ्याहून चिवट असा एक आक्षेप आहे, आणि तो बहुधा जेवण झाल्यावर, आवाज खाली आणून सांगितला जातो. निजामाची राजधानी कशाला बघायची? रझाकारांनी आमच्या गावात काय केलं ते आमच्या आजीने सांगितलंय. तिथे जाऊन राजवाड्यांचं कौतुक करायचं?

या आक्षेपाला मी हसत नाही. ज्या घरातली माणसं 1948 मध्ये रातोरात सरहद्द ओलांडून सोलापूर-अहमदनगरकडे गेली, त्या घराला असं वाटण्याचा हक्क आहे. पण निष्कर्ष उलटा निघायला हवा. निजामाशी जी माणसं भांडली ती या शहरात राहून भांडली. हे शहर वगळून तुम्ही निजामाला शिक्षा करत नाही, त्या माणसांना पुसून टाकता.

आमच्या नारायणगुड्यापासूनच सुरुवात करा. इथे केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था आहे, 1940 ची. रोज हजारो तेलुगू मुलं तिच्या फाटकातून आत जातात आणि त्यांतल्या बहुतेकांना केशव कोण हे सांगता येणार नाही. केशव म्हणजे केशवराव कोरटकर. परभणीकडचा माणूस, वकिली करत हैदराबादला आला, उच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला, आर्य समाजाचा आधार झाला, आणि वामन नाईक वगैरे मित्रांबरोबर जांबागेतली विवेकवर्धिनी ही मराठी शाळा उभी केली. त्या काळी इथे राज्याची भाषा उर्दू, विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. खासगी शाळा काढायला परवानगी, सभा भरवायला परवानगी, मराठी शिकवणं हेच संशयाचं. अशा राजधानीत हे लोक मराठी शाळा चालवत होते. 1931 चं मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरलं, ज्ञानकोशकार केतकर अध्यक्ष होते. केशवराव त्यानंतरच्या वर्षी गेले. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार पुढे 1952 च्या हैदराबाद मंत्रिमंडळात मंत्री झाले आणि 1957 मध्ये याच शहरातून लोकसभेत निवडून गेले. हैदराबादने एक मराठी माणूस दिल्लीला पाठवला होता, हे आज पुण्यात सांगितलं तर लोक हसतात.

तिथून चालत किंग कोठीकडे या. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच वाड्यात राहिला आणि 1967 मध्ये इथेच वारला. त्याच्या मोटारीवर 4 डिसेंबर 1947 ला याच रस्त्यावर नारायणराव पवार या आर्य समाजी तरुणाने बॉम्ब टाकला. निजाम वाचला, पवारांना फाशीची शिक्षा झाली, आणि पोलीस कारवाईनंतर ते सुटले. आता मागे वळून काचीगुड्याच्या बाजूला जा. ऑगस्ट 1948 मध्ये, रात्री कचेरीतून घरी परतणाऱ्या शोएबुल्ला खान या तरुण संपादकाला रझाकारांनी तिथे गाठलं. 'इमरोज' या उर्दू दैनिकात त्याने भारतात विलीन व्हावं असं लिहिलं होतं. लिहिणारा हात त्यांनी तोडला, आणि तो गेला. मुसलमान, उर्दूत लिहिणारा, निजामाच्या राजधानीत बसून हे लिहिणारा. ज्यांना रझाकारांचा इतिहास फक्त एका रंगात आठवतो, त्यांच्यासाठी तर हैदराबाद सक्तीचं करावं.

निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ 1972 मध्ये याच शहरात गेले. त्यांचं स्मारक बेगमपेटला आहे. नांदेडचं विद्यापीठ त्यांच्या नावाचं, मराठवाड्यात चौकाचौकांत त्यांचे पुतळे, दर 17 सप्टेंबरला मराठवाड्याच्या गावोगाव झेंडावंदन. पण बेगमपेटच्या समाधीवर महाराष्ट्राच्या नंबराची गाडी मला क्वचित दिसते. पी. व्ही. नरसिंह राव हे स्वामीजींचे शिष्य. 1938 मध्ये उस्मानिया विद्यापीठातल्या वंदे मातरम् चळवळीनंतर ते शिकायला नागपूरला गेले, आणि त्यांचं मराठी तिथेच पक्कं झालं. तेलंगणातून नागपूरला जाणाऱ्यांची आणि परभणीतून हैदराबादला येणाऱ्यांची ही उलटसुलट वाट ज्याला समजली, त्याला वरंगळच्या तोरणाखाली उभं राहिल्यावर आपण परक्या मुलखात आहोत असं वाटणार नाही.

उरला वेळेचा आणि रहदारीचा मुद्दा. रहदारी वाईट आहे, यावर वाद नाही. संध्याकाळी हिमायतनगर ते नारायणगुडा पुलाखाली जे होतं त्याला मी वाहतूक म्हणणार नाही. पण फेब्रुवारी 2020 पासून मेट्रोची हिरवी मार्गिका इथून जाते. नारायणगुड्याला चढलात की पुढचं स्टेशन सुलतान बाजार, त्यापुढचं महात्मा गांधी बस स्थानक. सुलतान बाजारला उतरलं की कोठीची जुनी रेसिडेन्सी, जांबागेतली विवेकवर्धिनी, इसामिया बाजारातली मराठी साहित्य परिषद, जिचं 'पंचधारा' हे नियतकालिक आहे, हे सगळं पायी होतं. बस स्थानकावरून मुसीकाठच्या एशच्या तिन्ही इमारती जवळ आहेत आणि तिथून रिक्षाने चारमिनार. मोटार लागतच नाही. ज्याने विमानतळावर दिवसभरासाठी इनोव्हा ठरवली त्याने रहदारीबद्दल बोलू नये.

आणि "आम्ही हैदराबाद पाहिलंय" म्हणणारे जे आहेत, त्यांचं काय? त्यांनी रामोजी फिल्म सिटी पाहिलेली असते. ती शहराच्या बाहेर आहे. तिथे खोटं विमानतळ, खोटा राजवाडा, खोटे रस्ते बघण्यात अख्खा दिवस जातो, तिकीट काढून, आणि त्याबद्दल कोणी हू की चू करत नाही. खऱ्या राजधानीला वेळ नाही, तिच्या सेटला आहे. दुसरा वर्ग मुलाकडे आलेल्या आई-वडिलांचा. मुलगा कंपनीत, फ्लॅट गच्चीबावलीला किंवा कोंडापूरला, तेराव्या मजल्यावर. तिथून काचेच्या इमारती दिसतात, रविवारी मॉल होतो, एक दिवस बिर्याणी मागवली जाते, शाकाहाऱ्यांसाठी वेगळी, आणि परत जाऊन सांगतात, हैदराबाद म्हणजे बालेवाडीच. बरोबर आहे. तुम्ही बालेवाडीच पाहिलीत.

एवढं बोलून झाल्यावर एक सूट देतो. गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन फक्त मल्लिकार्जुनाचं दर्शन करायचं आहे आणि रजा जेमतेम दोन दिवसांची आहे, अशा माणसाने सरळ श्रीशैलला जावं. त्याला कोणी राजधानीचं पुराण ऐकवू नये, मीही नाही. पण आठवडाभराची सहल आखून, त्यात नागार्जुनसागरच्या बोटीला एक दिवस देऊन, हैदराबादला शून्य देणाऱ्याला ही सूट नाही.

तेव्हा बेत बदला. श्रीशैलच्या आधी दोन दिवस या शहराचे लिहा. जमल्यास आगगाडीने या आणि काचीगुड्याला उतरा. आणि हे फार पुढे ढकलू नका. उस्मानिया इस्पितळाची जुनी इमारत 2020 च्या पावसाळ्यात पाणी शिरल्यावर रिकामी करावी लागली आणि अजून तिचं धड काही झालेलं नाही. उच्च न्यायालयासाठी राजेंद्रनगरला नवी इमारत व्हायची आहे. रामप्पा आठशे वर्षं उभं आहे, ते तुमच्यासाठी आणखी दोन दिवस थांबेल.